ज्याचे खाते, त्याच्या हाती पासबुक

(सोयगाव येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकावरील पाळत आणि माणसाचे खाजगी जीवन या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेने आम्हास केली. आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर बसून संसार चालवतो, एवढाच या विषयावरचा आमचा अधिकार. तरीही बोलण्याचे धाडस केले, कारण हा विषय आता पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. तो आपल्या अभ्यासिकेच्या दारात येऊन उभा आहे.

आपणांस ठाऊकच आहे की, संस्थेच्या अभ्यासिकेत सहा संगणक बसले. ते बसल्यानंतर कार्यकारिणीपुढे एक सूचना आली. मुले अभ्यास करतात की सिनेमे पाहतात, हे कळावे म्हणून प्रत्येक संगणकात नजर ठेवणारा प्रोग्रॅम टाकावा, आणि त्याचा अहवाल दर आठवड्याला पालकांना व कार्यकारिणीला मिळावा, अशी ती सूचना होती. हेतू चांगला होता. त्या बैठकीत आम्हीही सूचनेच्या बाजूने हात वर केला होता. अंतिम निर्णय पुढील सभेत व्हायचा आहे. मधल्या काळात आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि वर केलेल्या हाताचा आम्हास पुन्हा विचार करावा लागला. तो विचार आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हा प्रोग्रॅम काय करतो ते साध्या शब्दांत पाहू. तो संगणकात मागच्या मागे चालू असतो. पडद्यावर कोणती खिडकी उघडी आहे, तिचे शीर्षक काय, ती किती वेळ उघडी होती, हे तो लिहून ठेवतो. कळफलकावर बोटे चालत आहेत की नाहीत, माउस हलतो की नाही, हे मोजतो. काही प्रोग्रॅम दर थोड्या मिनिटांनी पडद्याचा फोटो काढतात. इतके दिवस अडचण अशी होती की, हे सगळे वाचायला माणूस लागत असे. दहा जणांवर नजर ठेवायची तर अकरावा माणूस पगारावर ठेवावा लागे, आणि तोही चार दिवसांत कंटाळत असे. कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि ही अडचण दूर झाली. आता यंत्र स्वतःच पडद्याचा फोटो वाचते, त्यातील मजकूर समजून घेते, हे काम, ही करमणूक, हे घरगुती अशा रकान्यांत दिवस वाटून टाकते आणि संध्याकाळी माणसाला गुण देते. ज्या वाचणाऱ्याला कधी कंटाळा येत नाही, झोप येत नाही, असा वाचणारा आता स्वस्तात मिळू लागला आहे. या विषयात नवे आहे ते एवढेच, आणि ते फार मोठे आहे.

याचा उपयोग नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला तासाप्रमाणे मोबदला मिळतो, त्याला कोणत्या कामास किती वेळ लागला हे आठवून लिहीत बसावे लागत नाही. विद्यार्थ्याला आपले चार तास नेमके कुठे गेले ते कळते. चार दिवसांपूर्वी वाचलेले पान पुन्हा सापडते. असे काही मुक्त प्रोग्रॅमही आहेत, उदाहरणार्थ 'ॲक्टिव्हिटीवॉच', की ज्यांतील नोंद आपल्याच संगणकात राहते. माणसाने स्वतःच्या दिवसाचा स्वतः हिशेब ठेवावा, यात वाईट काय? मनावर लक्ष ठेवण्याची शिकवण तर आपण लहानपणापासून विहारात ऐकतो. परंतु आपण आपल्यावर लक्ष ठेवणे आणि दुसऱ्याने आपल्यावर लक्ष ठेवणे या दोन गोष्टींत, आपण घरात लावलेला आरसा आणि शेजाऱ्याने आपल्या भिंतीला पाडलेले भोक, इतका फरक आहे.

आता आमच्या बँकेचे सांगतो. जुन्या काळी शाखेत लेजर, डे-बुक आणि व्हाउचरचे गठ्ठे असत. कोणी काय लिहिले हे अक्षरावरून ओळखत, असे आमचे ज्येष्ठ सहकारी सांगत. आज प्रत्येक कर्मचाऱ्याला ओळख क्रमांक व पासवर्ड असतो. कोणते खाते, किती वाजता, कोणाच्या क्रमांकावरून उघडले, नोंद कोणी केली आणि मंजूर कोणी केली, हे सर्व संगणकात उमटते. म्हणजे आमच्यावर नजर आहेच, आणि आम्ही नोकरीला लागल्यापासून आहे.

या नोंदीने आम्हास एकदा वाचवले आणि एकदा पकडले. एका वयस्क खातेदाराने आपण पैसे काढलेच नाहीत, अशी तक्रार केली होती. कारकुनावर किटाळ यायला वेळ लागत नाही, आणि आडनावाकडे पाहून ते लवकर चिकटते, हा अनुभव या सभागृहातील अनेकांना असेल. परंतु व्हाउचर निघाले, वेळ निघाली, मंजुरी निघाली आणि त्यांच्या मुलालाच आठवले की, त्या दिवशी वडिलांना मोटारसायकलवर आपणच आणले होते. नोंद नसती तर आमची नोकरी धोक्यात आली असती.

दुसरा प्रसंग सांगताना संकोच वाटतो, पण सांगितला पाहिजे. नात्यातील एका सोयरिकीची बोलणी चालली होती. मुलाकडचे लोक सांगतात तितके सधन आहेत काय, हे पाहण्यासाठी आम्ही मुलाच्या वडिलांचे खाते उघडून शिल्लक पाहिली. कोणाला सांगितली नाही, पण पाहिली. पुढे तपासणीस आले. त्यांनी विचारले, "या खात्यात त्या दिवशी व्यवहार नाही, मग तुम्ही ते का उघडले?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. लेखी माफी लिहून दिली. त्या दिवशी नोंद आमच्या विरुद्ध गेली आणि ती योग्यच गेली, असे आज आम्ही मानतो. ज्या गृहस्थाचे खाते आम्ही उघडले, त्याच्या खाजगी जीवनाची राखण त्या नोंदीने केली होती.

म्हणून नोंद ठेवूच नये, असा आमचा पक्ष नाही. मात्र बँकेची ती नोंद कशाची होती, हे ध्यानात घ्यावे. ती खातेदाराच्या पैशाला कोणी हात लावला याची होती. आम्ही चहाला किती वेळ गेलो, पडद्याकडे पाहता पाहता मनात काय आले, याची ती नव्हती. कामाची नोंद आणि माणसाची नोंद यांच्यामध्ये एक रेघ आहे. ती रेघ ओलांडली की काय होते, ते आता सांगतो.

आमचा एक भाचा पुण्यातील एका कंपनीचे बिले तपासण्याचे काम घरी बसून करतो. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. अशा कंपन्या अनेक आहेत. तिने दिलेल्या लॅपटॉपमध्ये असाच प्रोग्रॅम आहे. नेमणुकीच्या कागदात त्याविषयी एक ओळ होती. वीस पानांच्या कागदातील ती एक ओळ नोकरीच्या आनंदात कोण वाचतो? एका महिन्यात त्याचे गुण घसरले आणि प्रोत्साहन भत्ता कापला गेला. कारण काय, तर तो बराच वेळ 'निष्क्रिय' होता. पोराला सवय अशी की, लांबलचक बिल आले की, तो कागद-पेन्सिल घेऊन बेरजा ताडून पाहतो. तेवढा वेळ बोटे कळफलकावर नसतात. शिवाय गावी आला की वीज जाते, आणि विजेबरोबर इंटरनेटही जाते. वरिष्ठांना विचारले तर उत्तर आले, "सिस्टीमने ठरवले आहे." पूर्वी मुकादमाशी भांडता येत असे. सिस्टीमशी कोण भांडणार?

आम्ही त्याच्याबरोबर बसून अर्ज लिहिला. माझ्या त्या महिन्याच्या नोंदीची प्रत मिळावी, एवढेच मागितले. तीन आठवड्यांनी कागद आले. त्यांत तारीखवार वेळा होत्या आणि मधूनमधून पडद्याचे छोटे फोटो होते. आम्ही चष्मा लावून एकेक पान पाहत होतो. एका फोटोत दवाखान्याचा तपासणी अहवाल उघडलेला दिसला. जेवणाच्या सुट्टीत त्याने तो उघडला असावा. यंत्राने त्यापुढे लिहिले होते, कामाव्यतिरिक्त, आरोग्य. अहवालावर नाव आमच्या धाकट्या बहिणीचे होते.

तिच्या दुखण्याविषयी आम्हास काहीही माहीत नव्हते. तिने मुलाखेरीज कोणालाच सांगितले नव्हते. सख्ख्या बहिणीचा आजार आम्हास एका कंपनीच्या कागदावरून कळला, आणि आमच्याआधी तो त्या कंपनीतील न जाणो किती जणांच्या नजरेखालून गेला होता. भाचा म्हणाला, "मामा, पैशाचं काही नाही वो. पण आईचं नाव तिथं कशाला?" पुढे बहीण भेटली तेव्हा रागावली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, मी तुला सांगणारच होते. पण ते मीच सांगायचं होतं." तिचे उपचार चालू आहेत आणि प्रकृती सुधारते आहे. हा प्रसंग सभेपुढे मांडण्यास तिनेच परवानगी दिली, हेही नमूद करतो. भाच्याला वीज गेल्याच्या दिवसांची रक्कम परत मिळाली. कागदावर केलेल्या बेरजांचा वेळ मात्र आजही निष्क्रियच आहे.

'ते मीच सांगायचं होतं,' या एका वाक्यात खाजगीपणाचा सगळा अर्थ आहे, असे आम्हास वाटते. आपण म्हणतो, चोरी नाही तर भीती कशाला? आमच्या बहिणीने काय चोरी केली होती? खाजगी म्हणजे लपवण्याजोगे असे नव्हे. आपली गोष्ट कोणाला, केव्हा आणि कशी सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार म्हणजे खाजगीपणा.

मित्रहो, नजर ठेवण्याची ही रीत आपल्या देशाला नवी नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्यांची नावे वहीत चढली. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा, असे त्यांचे जीवन झाले. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. म्हणजे एका माणसाने काय केले याची ती नोंद नव्हती, तो काय करील या संशयाची ती नोंद होती. आजचे यंत्रही मागील वागणुकीवरून पुढचा अंदाज बांधते आणि काही नावांपुढे खूण करते. ती खूण कोणत्या आधारावर झाली, हे विचारण्याची सोय नसेल, तर जुनी वही आणि नवे यंत्र यांत फरक कितीसा उरतो?

परमपूज्य बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात त्यांनी सुचवलेल्या मूलभूत हक्कांमध्ये एक हक्क असा होता की, माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची व चीजवस्तूंची गैरवाजवी झडती होऊ नये. हा हक्क त्या स्वरूपात घटनेच्या मूलभूत हक्कांत आला नाही. त्याची उणीव पुढे भासली. उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाचा एक मनुष्य दरोड्याच्या आरोपात पुराव्याअभावी सुटला. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची फाईल उघडली आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावण्याचा क्रम सुरू केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरवल्या, परंतु खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असेही बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले. तो प्रश्न सुटायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे आणि तो जीविताच्या व स्वातंत्र्याच्या कलम २१ चाच भाग आहे. त्यात सरकारने हात घालायचा असेल, तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा.

हा निर्णय आला, पण पाळत थांबली नाही. ती कोठून सुरू होते ते पाहा. आपल्याच नागपुरात महापालिकेने २०१८ साली सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. नेमलेल्या हद्दीत माणूस आहे की नाही, हे नियंत्रण कक्षात दिसू लागले, आणि वेतन त्याच्याशी जोडले गेले. एकाच्या नावावर दुसऱ्याने काम करणे, सही करून निघून जाणे, हे प्रकार थांबवण्यासाठी हे केले, असे सांगण्यात आले. ते प्रकार खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घड्याळ बिघडले तरी गैरहजेरी लागते, चहाला किंवा लघवीला जायचीही धास्ती वाटते, अशा कामगारांच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या. हातात झाडू असलेली ही माणसे कोणत्या समाजातील आहेत, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. शहरातील इतक्या नोकरदारांमध्ये पहिले घड्याळ कोणाच्या मनगटावर गेले, याचा विचार मात्र अवश्य करावा. पाळत नेहमी खालच्या पायरीवर आधी येते. तिथे कोणी विचारले नाही, की मग ती वर चढते. काल ते झाडूवाल्याच्या मनगटावर होते, आज कारकुनाच्या टेबलावर आहे, उद्या साहेबाच्या केबिनमध्ये जाईल.

आणि जिथे केवळ नजर असते, विश्वास नसतो, तिथे नजरेला फसवण्याच्या युक्त्या निघतात. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच कळवले की, कामाशी संबंध नसलेले फोटो, एवढेच काय, फोटोचा फोटो चढवला जात आहे. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बड्या बँकेने २०२४ साली डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढले, कारण कळफलक चालू असल्याचा देखावा ते निर्माण करत होते, असा त्यांच्यावर ठपका होता. आमच्या धंद्यातील माणसांचे हे उदाहरण ऐकून वाईट वाटले. बोटे मोजली की बोटेच मिळतात, काम मिळत नाही.

आता कायदा काय म्हणतो? संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्याने सामान्यतः माणसाची माहिती वापरण्यासाठी त्याची संमती आवश्यक केली आहे. परंतु कलम ७ मध्ये काही कारणांसाठी संमतीची गरज ठेवलेली नाही, आणि त्यांत नोकरीशी संबंधित कामे व मालकाला नुकसानीपासून वाचवणे हे एक कारण आहे. पुढे कलम ११ मध्ये, माझ्याविषयी काय माहिती ठेवली आहे ते मला सांगा, असे मागण्याचा हक्क आहे. पण तो हक्क ज्यांनी संमती दिली त्यांना आहे. म्हणजे नोकरीच्या कारणाने ज्याची माहिती संमतीशिवाय घेतली, त्याला ती पाहण्याचा हक्क या कलमाने स्पष्टपणे दिलेला नाही. भाच्याला कागद मिळाले ते कंपनीच्या मर्जीने मिळाले, हक्काने नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते त्याचे, नोंदी त्याच्या, कपातही त्याचीच, पण पासबुक दुसऱ्याच्या कपाटात!

परदेशांतही हे प्रश्न सुटलेले नाहीत, पण काही रेघा ओढल्या गेल्या आहेत. रुमानियातील एका अभियंत्याचे कार्यालयीन संगणकावरील खाजगी निरोप मालकाने वाचले व त्याला काढून टाकले. सप्टेंबर २०१७ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अभियंत्याच्या बाजूने निकाल दिला. नजर ठेवणार आहोत, ती कशी व किती, हे आधी सांगितले पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. जर्मनीत एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने न्यूरेंबर्गच्या केंद्रात कर्मचाऱ्यांची आजारपणे व घरच्या गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. २०१९ साली संगणकातील एका चुकीमुळे त्या नोंदी काही तास कंपनीभर उघड्या पडल्या, तेव्हा प्रकरण बाहेर आले. २०२० साली तिला ३ कोटी ५३ लक्ष युरो दंड झाला. जे साठवले जाते ते केव्हा ना केव्हा सांडते, हा त्यातील धडा आहे. न सांडणारी नोंद एकच, जी मुळात लिहिलीच नाही.

मग आपण काय करावे? यंत्र मोडावे काय? आमच्या बँकांचा इतिहास वेगळे सांगतो. १९८० च्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला. पण त्या केवळ विरोधावर थांबल्या नाहीत. १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशनबरोबर त्यांनी संगणकीकरणाचा करार केला. यंत्रे कोठे व कोणत्या कामासाठी लावायची, याच्या मर्यादा वाटाघाटीने ठरल्या. पुढे १९८७ व १९९३ मध्ये नवे करार झाले आणि मर्यादा बदलत गेल्या. संगणक आले, पण विचारून आले. विचारण्याचा परिणाम मोठ्या कंपन्यांवरही होतो. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. पडद्याचे फोटो सतत काढून ठेवायचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांत शोध घ्यायचा, अशी ती सोय. फोटो संगणकातच राहणार होते, तरी ते पुरेसे सुरक्षित नाहीत, हे जाणकारांनी दाखवून दिले. कंपनीला ती पुढे ढकलावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये ती आली तेव्हा फोटो कुलूपबंद केलेले होते, आणि वापरणाऱ्याने स्वतः चालू केल्याशिवाय ती चालू होत नव्हती. प्रश्न विचारले म्हणून कुलूप आले.

आमच्या विद्यार्थी मित्रांना सांगणे आहे की, नोकरीचा कागद सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा. पाच प्रश्न विचारा. नजर ठेवता हे आधी सांगितले काय? नेमके काय लिहिता? ते कोठे आणि किती दिवस ठेवता? ते कोण पाहतो? आणि मला ते पाहता येईल काय, चूक असल्यास दुरुस्त करून घेता येईल काय? तोंडी उत्तरावर थांबू नका, लेखी मागा. कंपनीच्या संगणकावर घरचे कागद उघडू नका. माउस हलवण्याच्या युक्त्या करू नका, त्याने आपली बाजू लंगडी पडते. आणि एकट्याने विचारण्यापेक्षा चौघांनी मिळून विचारा. संघटित व्हा हा आदेश आपणांस नवा नाही.

आता अभ्यासिकेच्या सूचनेकडे येतो. आपल्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुले आहेत. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. शिक्षणसंस्थांना शिक्षणाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती काही सवलत नियमांत आहे. पण कायदा बाजूला ठेवून विचार करू. आपली एखादी मुलगी तिथे बसते. घरी मोबाईल भावाच्या हातात असतो, तिच्या वाट्याला हा एकच संगणक. आईला विचारता येत नाही असा शरीराविषयीचा एखादा प्रश्न ती तिथे शोधते. यंत्र ते वाचते, रकान्यात टाकते, आणि आठवड्याचा अहवाल कार्यकारिणीच्या टेबलावर येतो. टेबलाभोवती आम्ही आठ-दहा पुरुष मंडळी. पुढच्या आठवड्यापासून ती मुलगी येईल काय? नाही आली, तर सहा संगणकांचा उपयोग काय?

म्हणून आम्ही आमचा वर केलेला हात नम्रपणे खाली घेतो आणि दुसरी सूचना मांडतो. अयोग्य संकेतस्थळे बंद करणारी सोय संगणकात अवश्य करावी. कोण किती वाजता बसला व किती वाजता उठला, एवढी नोंद रजिस्टरमध्ये ठेवावी. पडद्याचे फोटो काढू नयेत. ज्या विद्यार्थ्याला आपला वेळ मोजायचा असेल, त्याला मोजणारा प्रोग्रॅम शिकवावा आणि ती नोंद त्याने आपल्या पेन ड्राईव्हवर घरी न्यावी, संगणकात ठेवू नये. आणि जी काही नोंद संस्था ठेवील, ती ज्याची आहे त्याला मागताक्षणी दाखवावी व वर्षाअखेर नष्ट करावी. मोठ्या कंपन्यांकडून पासबुक मागायचे, तर आधी आपल्या संस्थेने ते दिले पाहिजे. संगणकाजवळ एखादा ताई-दादा बसवावा, ज्याला मुले अडचण विचारू शकतील. बारा वर्षांची पोरे हळूहळू कशी भरकटतात, हे अहवालापेक्षा त्याला लवकर कळेल.

शेवटी एकच सांगतो. अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यात आहेत. फर्दापूरच्या बाजूने आपण मुलांना घेऊन अनेकदा गेलो आहोत. पुढच्या वेळी विहारात शिरल्यावर चित्रांबरोबर आणखी एक गोष्ट पाहा. मधोमध मोठा मंडप, तो सर्वांचा. आणि भिंतींच्या बाजूंना लहान-लहान खोल्या. भिक्खूंचे जगणे एकत्र होते, आपले म्हणावे असे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. तरी अनेक खोल्यांच्या चौकटीत दाराचा खुंट बसवण्याच्या खाचा आजही दिसतात. ज्यांच्याजवळ लपवण्यासारखे काही नव्हते, त्यांच्या खोलीलाही दार होते. आपल्या मुला-मुलींच्या खोलीलाही ते असावे, एवढीच आमची या सभेला विनंती आहे.



जय भीम! जय भारत!